काय गा, काय व, काय बे

छकुले,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागे कोंबडा अन् आजी दोघंही जोरात होते तरी समजला. तुझे प्रश्न परत लिहितो म्हणजे तुलाही आठवतील. आबाजी बाजूच्या काकांना "काय गा" म्हणतात तर ते काका गात काहून नाहीत. तुझ्या पुस्तकात "आई व बाबा" असं आहे मग आजी दारावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला "काय व" असं काय म्हणते. वावरात पोरं तुला "काय बे" म्हणाली ती शिवी आहे का. कुत्र्याला हाड म्हटलं की ते पळतं काहून. आणि गणपतीला अजून वेळ आहे तरी आजी दिवसभर बाप्पा बाप्पा काय करते. प्रश्न चांगले आहेत, मला लहानपणी कोणी विचारले नाहीत कारण आम्हाला ते प्रश्न वाटतच नव्हते, तू जर्मनीत वाढली अन् सुट्टीत आबाजीच्या गावाला, विदर्भात गेली म्हणून तुला ऐकू आले.

आधी गा. गाणं म्हणायचं ते गा वेगळं अन् हे वेगळं, दोघांचं काही नातं नाही. गाण्याचं गा हे गाणे या क्रियापदाचं, संस्कृतात गै धातू आहे तिथून आलेलं. आबाजीचं गा म्हणजे नुसती हाक. तुझ्या आईकडे पुण्याला जिथे "काय रे" म्हणतील तिथे आपल्याकडे "काय गा", पण रे हा लहानाला नाहीतर एकदम बरोबरीच्याला लागतो, साठीच्या माणसाला तू "काय रे" म्हटलं तर कानाखाली बसेल, गा मात्र त्यालाही चालतो. आपुलकी अन् मान दोन्ही त्यात मिक्स असतं. "कसं गा भाऊ, डवरणी झाली का?" असं आबाजी विचारतात तेव्हा ते काका सायकलवरून उतरतात, नीट बघ तू, "काय रे" ला कोणी उतरत नाही.

शहरातली माणसं हे गा ऐकून हसतात, खेडवळ म्हणतात. हसू दे त्यांना. ज्ञानेश्वरी १२९० सालची, त्यात "अगा" अन् "गा" जागोजागी आहे. अन् त्याच्याही आधी, त्याच तेराव्या शतकात, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं, मराठीतला सगळ्यात जुना गद्य चरित्रग्रंथ, त्यातही माणसं एकमेकांशी बोलताना गा लावतात. म्हंजे पुण्यामुंबईच्या बोलण्यातून ते गेलं अन् आपल्याकडे राहिलं, एवढीच गोष्ट. आता तर त्या रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठही झालं.

त्या जुन्या मराठीत माणसाला गा तसं बाईला गे होतं. त्याचंच पुढे "अगं", "काय गं" झालं. आपल्या गावात रोजच्या बोलण्यात गे कोणी म्हणत नाही पण तुला ते ऐकायला मिळणार आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या ठेवतात, दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरं त्या घेऊन गावाबाहेर शिवेपर्यंत पळतात अन् ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" नागपूरला तर मारबतीच्या पुतळ्यांच्या मोठमोठ्या मिरवणुका निघतात, काळी अन् पिवळी, आपल्या गावात नुसती फांद्या अन् आरडाओरडा. तू पण जा त्यांच्यासोबत, आजी नाही म्हणेल, चिखल आहे म्हणेल, आबाजीला विचार. अन् काय काय घेऊन जायचं ते प्रत्येकजण आपल्या मनानं जोडतो, खोकला, डास, मच्छर, गणिताचा पेपर, काहीही. फक्त ते गे सोडू नको, गे नसलं तर ती हाक तिला लागतच नाही असं आम्ही समजायचो.

आता व. पुस्तकातलं "आई व बाबा" हे व फारसीतून आलेलं, आणि या अर्थाचं. ते बोलण्यात कोणाच्याच तोंडात नाही, लग्नाच्या पत्रिकेत, अर्जात, शाळेच्या पुस्तकात एवढंच त्याचं राज्य. "श्री व सौ" असं छापतात ना, तेच ते. आजीचं व त्या घरचं नाही. आजीचं म्हणजे बाईला मारायची हाक, काही गावात व काही गावात वो. "काय व, धुणं झालं काय?" आणि हे सासूनं सुनेला, बहिणीनं बहिणीला, शेजारणीनं शेजारणीला, सगळ्यांना चालतं. तू आजीला म्हणू नको. आजी तुला म्हणेल ते लाडानं. मोठ्या बाईला तू "काकू", "मामी", "आजी" असं नात्यानंच हाक मार, व लावायचं वय तुझं नाही झालं अजून, तुझ्याएवढ्या पोरींना आपसात मात्र बिनधास्त म्हण.

बे चं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण यात तू फसशील.

आपल्याकडे तीन बे आहेत. पहिलं पाढ्यातलं, बे एके बे, बे दुणे चार. हे बे म्हणजे दोन, संस्कृतातलं द्वे, द गळला अन् व चं ब झालं. तुझं जर्मन त्स्वाय अन् इंग्लिश टू हे सगळे त्याचेच चुलत भाऊ आहेत, म्हणजे तुझ्या शाळेत बाई त्स्वाय म्हणतात अन् गावच्या शाळेत पोरं ओरडून बे दुणे चार म्हणतात ते एकाच घरातून निघालेलं आहे हजारो वर्षांपूर्वी. दुसरं बे फारसीतलं, ते शब्दाच्या पुढे लागतं अन् अर्थ होतो शिवाय, विना. बेकार म्हणजे काम नसलेला, बेइमान, बेभान, बेपत्ता. हे एकटं कधीच येत नाही. अन् तिसरं हे पोरांचं, "काय बे", "चल बे", "अबे रुक ना". हे हिंदीतल्या अबे चं. आपल्याकडे हिंदी एवढी काहून घुसली त्याला कारण आहे, नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा हे अन् जबलपूर, रायपूर एकाच सरकारात होते, १९५६ पर्यंत. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला अन् १९६० ला महाराष्ट्र झाला. एवढी वर्षं हिंदीवाल्यांसोबत कचेरी, बाजार, रेल्वे सगळं एकत्र केल्यावर बोलणं कोरडं कसं राहील. देणं दोन्हीकडून झालं, नागपूरचा हिंदीवाला पण "मैंच जाता", "ऐसाइच है" म्हणतो त्यातला च आपला आहे, अन् दख्खनीतलं "नक्को" तर सरळ आपलं नको.

तर बे शिवी आहे का? नाही. पण मान पण नाही. दोस्तानं दोस्ताला म्हटलं तर प्रेम, अनोळखी माणसानं म्हटलं तर भांडण, पोरानं बापाला म्हटलं तर त्या रात्री जेवण नाही. शब्द तोच. पोरांनी तुला बे म्हटलं म्हणजे त्यांनी तुला खेळात घेतलं, जर्मनीवरून आलेली पाहुणी म्हणून वेगळं नाही ठेवलं, त्यामुळे माझ्या हिशोबानं ती चांगली बातमी आहे. तू पण म्हण त्यांना. फक्त तीच लकब घेऊन आजीसमोर "अबे आजी" नको करू, आणि इकडे परत आल्यावर तुझ्या आईसमोर तर नकोच, ती आधीच म्हणते की सुट्टीवरून पोरगी नागपुरी होऊन येते.

बाप्पा. याचा गणपतीशी संबंध आहे पण उलटा. बाप्पा हे गणपतीचं नाव नाही, बाप ला लाडानं मारलेली हाक आहे, अन् त्या हाकेनं आपण गणपतीला बोलावतो. आजी "मले नाही माहीत बाप्पा" म्हणते तेव्हा ती कोणालाच बोलावत नसते. तुझी पुण्याची आजी म्हणेल "मला नाही बाई माहीत", पुण्याचे आजोबा म्हणतील "नाही बुवा", तेच हे. घाबरलं की बाप रे, लागलं की आई गं, नवल वाटलं की अगंबाई, आपल्याकडे "अव माय", "माय माय माय". बघ ना, सगळं घरच्याच माणसांवर चाललेलं असतं. आजीच्या बाप्पात कधी नवल असतं, कधी "माझ्यावर नको टाकू" असं असतं, कधी नुसतं बोलणं संपवायचं असतं. "तू जाय बाप्पा आता" म्हणाली की खरंच जायचं, पुढे प्रश्न नाही विचारायचे.

तू एक नाही विचारलं पण आजीनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. तिनं विचारलं "चाय घेशीन काय?" अन् तू जर्मन सवयीनं म्हणाली "या". आजी दाराकडे बघायला लागली, "कोनाले बलावून राहिली व?" आता तिचं काय चुकलं, मराठीत या म्हणजे आत या. तिथे हो म्हणायला तू "हाव" म्हण, आपल्याकडे तेच चालतं, अन् शेजारच्या छत्तीसगडीतही "हव" म्हणतात. पुस्तकातलं हाव म्हणजे अधाशीपणा, ते हे नाही, नाहीतर तू म्हणशील चहाला विचारलं तर सगळे हावरटपणा काहून करतात. हो, होय हे सगळे होणे मधून आलेत, संस्कृतात भवति, त्याचं होइ झालं मग होय. म्हणजे होय चा मूळ अर्थ "आहे तसं". म्हणूनच नाही अन् नव्हे वेगळे, नाही म्हणजे न आहे, नव्हे म्हणजे न होय. "घरात साप नाही" अन् "घरात आहे तो साप नव्हे" यात केवढा फरक आहे ते आपल्या गावात पावसाळ्यात लवकर समजतं.

आणि ते काय हो, अहो, मंडळी हो यातलं हो परत वेगळं, ते हाकेचं, मानाचं. आजी आबाजीचं नाव घेत नाही, "अहो" नाहीतर "आयकलं काय" एवढ्यावर सगळा संसार झाला. गंमत अशी की संस्कृतात अहो म्हणजे नवल. उंटाच्या लग्नात गाढव गातात अन् एकमेकांना म्हणतात अहो रूपम् अहो ध्वनिः, काय रूप काय आवाज! आजीच्या अहो मध्ये नवल काही राहिलं नाही, बहुतेक वेळा दळण आणायचं राहिलेलं असतं.

दुकानदारानं तुला आइस्क्रीम विचारल्यावर नुसतं "च्क" केलं अन् तू वाट बघत उभी राहिली, हे पण आजीनंच सांगितलं. ते नाही होतं बेटा. जीभ टाळूला लावून एकदा च्क, हनुवटी जराशी वर, म्हंजे नाही, संपलं. पण तेच हळू आवाजात दोन-तीनदा च् च् च् केलं, मान खाली, तर ते वाईट वाटलं असं, कोणाचा बैल गेला, कोणाचं पीक बुडालं तेव्हा बायका करतात. याला अक्षर नाही, पुस्तकवाल्यांनी च लिहून वेळ मारून नेली.

खरा च वेगळा, तूच, मीच, आत्ताच मधला. संस्कृतात च म्हणजे आणि, पण आपला च तो नाही, चैव असं एक होतं, त्याचं प्राकृतात च्चेअ झालं अन् घासून घासून च उरला. आणि इथेच ही लक्षात ठेव, कारण तू टीव्हीवर हिंदी बघते. हिंदीत "मैं ही" म्हणजे मीच, दुसरं कोणी नाही. मराठीत "मीही" म्हणजे मी पण. एकदम उलट! गावात मीही कोणी म्हणतच नाही, "मी बी" म्हणतात, हे बी संस्कृतातल्या अपि चं, अपि चं पि, पि चं वि, मग बी. पेरायचं बी बीज मधून आलं. म्हणून कृषी केंद्रात आबाजी "बीटीचं बी बी द्या" म्हणाले तर ते अडखळले नाहीत, तीन वेगवेगळे बी आहेत त्यात, पहिला इंग्लिश अक्षराचा. त्या बीटीतला टी कुठला माहीत आहे का? थुरिंगिएन्सिस, आपण ट्रेननं गेलो होतो त्या जर्मनीतल्या थ्युरिंगेन वरून ठेवलेलं नाव, तिथे तो जंतू सापडला होता, अन् त्याचा गुण घातलेली कापसाची पऱ्हाटी २००२ पासून आपल्याकडे पेरतात. हे शब्दांचं नाही पण राहवलं नाही म्हणून सांगितलं.

बस चं तू स्वतःच शोध असं म्हणणार होतो पण सांगून टाकतो. बस म्हणजे खाली बस, हे संस्कृत उपविश चं, मधे बैस होतं, अजून म्हातारी माणसं बैस म्हणतात. बस म्हणजे पुरे, हे फारसी. अन् बस म्हणजे गाडी, लॅटिनमधल्या ओम्निबस ची शेपटी, ओम्निबस म्हणजे सगळ्यांसाठी. गाडीचं नाव ठेवताना शेपटीच ठेवली. आपल्याकडे तिला बस म्हणत नाही कोणी, एसटी म्हणतात नाहीतर लाल डब्बा, पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतोच. कंडक्टर "बस बस, बस आता" म्हणाला तर त्यात काय काय आलं ते तू ओळख.

हाड चं विचारलं तेही. कुत्र्याला हाड म्हटलं की ते पळतं अन् हाड दिलं की ते येतं, हे तुला गमतीचं वाटलं, मलाही वाटतं. हाकलायचं हाड हा नुसता आवाज, हट, हुडूत, हुश्श सारखा. खायचं हाड हे हाडूक. कुत्र्याला दोन्ही समजतात.

शाळेत या सगळ्याला केवलप्रयोगी अव्यय म्हणतात अन् त्याचा तक्ता असतो, हर्षदर्शक, शोकदर्शक, प्रशंसादर्शक, असं. मला तो तक्ता कधी पटला नाही. वा हे हर्षाच्या रकान्यात आहे, पण तू चहाचा कप फोडल्यावर आजी "वा!" म्हणाली तर तो हर्ष आहे का? शाबास हे फारसीतलं शाद बाश, खुश राहा, एवढा चांगला आशीर्वाद, अन् आबाजी तो बैलानं कुंपण तोडल्यावर वापरतात. त्याहून राग येतो तो म्हणे चा. काही व्याकरणात म्हणे ला "व्यर्थ उद्गारवाची" टाकलं आहे, व्यर्थ! अरे, सगळं गाव म्हणे वर चालतं. "कापसाले भाव येनार म्हने." हे बोलणाऱ्यानं बातमी पण दिली अन् जबाबदारी पण काढून घेतली, उद्या भाव पडला तर तो म्हणाला नव्हता, कोणीतरी म्हणालं होतं. तू हे शिकून घे, इकडे शाळेत पण कामात येईल.

आणखी एक बघ, रात्री आबाजी ओसरीत गोष्ट सांगतील तेव्हा कोणीतरी मधे मधे "हूं" म्हणायचं असतं. त्याला हुंकार देणं म्हणतात. ते काम तुला देतील. सोपं नाही ते, प्रत्येक वाक्याला दिलं तर ते चिडतात, फार वेळ नाही दिलं तर गोष्ट थांबवून विचारतात "झोपली काय?" तर वाघ आला की लांब हूंऽ, राजा जेवला की आखूड. अन् "हं" नाही, हं म्हणजे पुढचं माहीत आहे लवकर आटपा, असं ऐकू येतं त्यांना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात, तेव्हा आबाजीच्या बाजूला उभी राहा. ते बैलाच्या कानाशी म्हणतील, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर त्याच बैलाला ते काय काय म्हणतात ते तू वावरात ऐकलंच आहे, त्या दिवशी मात्र घ्या अन् या. तुला पण म्हणायला लावतील, तेव्हा घे अन् ये नको म्हणू, त्यांना चालणार नाही.

इश्श अन् अय्या बद्दल तू विचारलं नाही कारण गावात ते कोणी म्हणत नाही. ते खातं तुझ्या आईकडे आहे, तिला विचार.

तुझा बाबा